दहावीच्या ग्रुपवरचं ते स्टिकर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या मराठी शाळेत दहावीच्या अभ्यासासाठी मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. एका रात्री त्यावर स्टिकर पडलं. ऑनलाइन तासाला कन्नड धडा वाचताना अडखळलेल्या मुलीचा चेहरा, तोंड अर्धं उघडं, खाली अचकट शब्द. घरी मराठी, कन्नड फक्त शाळेत. आमची निम्मी मुलं तशीच अडखळतात.

चिडून मी सगळ्यांना झापलं, ते टाकणाऱ्या मुलाला ग्रुपमधून काढलं. चुकलंच माझं. दोन दिवसांत त्याने दुसरा ग्रुप काढला, तिथे तर मी नव्हतेच.

मग एक स्क्रीनशॉट मुख्याध्यापकांकडे ठेवला आणि अ‍ॅडमिन म्हणून स्टिकर सगळ्यांसाठी डिलीट केलं. पण ज्यांनी ते जपून ठेवलेलं, त्यांच्या फोनमधून ते जात नाही. ते वर्गात एकेकाला आपल्या हाताने काढायला लावलं.

मुलीच्या घरी गेले. आई म्हणाली, "बाई, ती आता कॅमेरा लावायलाच तयार नाही." आठवडाभर तिची उत्तरं नुसत्या आवाजावर घेतली.

मुलाशी त्याच्या वडिलांसमोर बोलले. फोन त्यांचाच होता. दुसरा ग्रुप त्याने तिथेच बंद केला. माफी मात्र ती हो म्हणाल्यावरच मागायला लावली.

आता रात्री 9 नंतर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहितात. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो वापरायचा नाही, हा नियम मुलांनीच लिहिला.

सोमवारी तिने कॅमेरा लावून कन्नड धडा वाचला. दोनदा अडखळली. कुणी हसलं नाही.