सीबी रेडिओ बसवताना या चुका टाळा

सीबी रेडिओचा, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायच्या रेडिओचा, डबा बिघडलेला मी फार क्वचित पाहिला आहे. बिघडलेलं असतं ते डब्याच्या पुढचं सगळं: अँटेना, तिचा माउंट, केबल, अर्थिंग. तरीही नवीन जीप घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "रेडिओ कुठला घेऊ?" मग आठवडाभर रेडिओंची तुलना चालते आणि अँटेना शेवटच्या पाच मिनिटांत, दिसायला बरी वाटेल ती, मागवली जाते. कॅलिफोर्नियातल्या ट्रेल्सवर आता आपली मराठी मंडळी बरीच भेटतात. हॉलिस्टर हिल्सला चार चढ चढून झाले की थेट मोहावी रोडचा, वाळवंटातल्या लांब कच्च्या वाटेचा, बेत ठरतो. उत्साह मला मनापासून आवडतो. पण जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे जाताना रेडिओ आदल्या रात्री घाईघाईत बसवलेला असतो, आणि दर वेळी चुका त्याच असतात.

आधी ताफ्याला विचारा

सीबी म्हणजे २७ मेगाहर्ट्झचा पट्टा, ४० चॅनल, लायसन्स लागत नाही. जीएमआरएस ही वेगळी सेवा, ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपासची. तिचं लायसन्स ३५ डॉलरला दहा वर्षांसाठी मिळतं, परीक्षा नसते, त्यात घरची सगळी माणसं येतात. एच-वन व्हिसावर असलात तरी अर्ज करता येतो, नागरिकत्वाची अट नाही. अलीकडे बरेच जीप क्लब तिकडे वळले आहेत आणि आवाजाच्या स्वच्छतेत जीएमआरएस सरस आहे, हे मान्यच. पण दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. ताफा सीबीवर आणि तुम्ही महागडा जीएमआरएस घेऊन आलात, तर दिवसभर मुक्यानेच गाडी चालवायची. म्हणून खरेदीच्या आधी ताफ्याच्या नेत्याला एक फोन करा. मी सीबी ठेवला आहे, कारण जुने ट्रेलवाले अजून त्यावर आहेत, बारस्टोकडे जाताना ट्रकवाल्यांचं १९ नंबरचं चॅनल ऐकता येतं, आणि ऐनवेळी आलेल्या पाहुण्याच्या हातात माइक देताना कागदपत्रांचा विचार करावा लागत नाही.

"पुण्याला येताना रेडिओंची एक जोडी घेऊन ये" असं सांगणारे मित्र असतात. नेऊ नका. भारतातले नियम वेगळे आहेत. तिथे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे हँडसेट विनापरवाना चालतात, ते मित्राने तिथेच, मंजुरी असलेले बघून घ्यावेत.

चार वॅट सगळ्यांना सारखेच

एएमवर, म्हणजे सीबीच्या नेहमीच्या पद्धतीत, ४ वॅट ही कायद्याची मर्यादा आहे. साधा छोटा सेट असो की क्रोमचं तोंड असलेला मोठा सेट, दोघांची ताकद तेवढीच. एसएसबी (सिंगल साइडबँड) या दुसऱ्या पद्धतीत १२ वॅटपर्यंत जाता येतं, पण समोरच्याकडेही एसएसबी हवा, आणि ट्रेलवर तो क्वचितच असतो. रँग्लरच्या डॅशबोर्डवर जागा किती असते हे जीपवाल्यांना सांगायला नको. तिथे लहान सेटच घ्यावा, किंवा सगळी बटणं माइकमध्येच असलेला. लिनिअर ॲम्प्लिफायर जोडून ताकद वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ते बेकायदा आहे आणि खराब अँटेनावर जास्त ताकद ढकलल्याने काहीही सुधारत नाही.

पैसे अँटेनावर घाला. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबीची पूर्ण अँटेना जवळपास पावणेतीन मीटर, नऊ फूट. तेवढी काठी गाडीवर नको असते, म्हणून फायबरग्लासच्या दांडीवर तार गुंडाळून ती लहान केलेली असते. जितकी आखूड, तितकं नुकसान जास्त. रँग्लरवर मी चार फुटी लावतो, तीन फुटी चालवून घेतो. दोन फुटांखालची "सुबक" अँटेना घेणाऱ्याशी मी वाद घालतो. रबरी शेपटीचा हँडसेट गाडीत बसून वापरणार असाल, तर एका मैलाचीही खात्री धरू नका.

अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचं लोखंड. म्हणूनच सेडानच्या टपावर मधोमध चिकटवलेली चुंबकाची अँटेना छान चालते. रँग्लरचं टप प्लास्टिकचं किंवा कापडाचं, आणि २०१८ पासूनच्या मॉडेलचं बॉनेट, दारं ॲल्युमिनियमची. चुंबक चिकटणार कुठे? २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० पिकअपची बॉडीही ॲल्युमिनियमची आहे. माझी पसंतीची जागा स्टेपनीच्या मागचा माउंट, अँटेनाचा निदान दोन तृतीयांश भाग टपाच्या वर येईल असा. बंपरवर खाली लावलेली अँटेना बॉडीला समांतर उभी राहते आणि काही केल्या जुळत नाही.

ऐकू येतं म्हणजे पोचतं असं नाही

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

मोहावी रोड कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला जातो, सुमारे १४० मैल, वाटेत मुक्काम. धुरळा इतका की दोन गाड्यांत चांगलंच अंतर ठेवावं लागतं, आणि त्या अंतरात ताफा बांधून ठेवतो तो रेडिओच. एकदा आमच्यात एक तरुण होता, कोरी करकरीत गाडी, रेडिओ आदल्या रात्री अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बसवलेला. सकाळी सगळ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असताना रेडिओ चेक झाला. "ऐकू येतंय?" "एकदम स्पष्ट." दहा फुटांवर मोडकी अँटेनाही स्पष्टच ऐकू येते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

लॅनफेअर व्हॅलीत, जोशुआच्या झाडांमधल्या त्या खालीवर रस्त्यावर, दगडाने त्याच्या मागच्या टायरची बाजू फाडली. त्याने थांबून कळवलं. आमचं बोलणं त्याला अधूनमधून ऐकू येत होतं, त्यामुळे आपलंही पोचलं असं समजून तो निवांत जॅक काढायला लागला. आमच्यापर्यंत एक शब्द आला नव्हता. प्रत्येक फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं हा नियम होता म्हणून कळलं. तो आणि त्याच्या मागची गाडी, दोन्ही दिसेनात. त्याच्या मागच्याने आधीच्या जोडरस्त्यावर चुकीचं वळण घेतलं होतं. परत फिरून दोघांना गोळा करण्यात दुपार गेली. उन्हाळा असता तर माझ्या आवाजात आजही इतका शांतपणा नसता.

मुक्कामावर एसडब्ल्यूआर मीटर लावला, अँटेनाकडे पाठवलेली किती ताकद परत येते ते दाखवणारा. काटा प्रत्येक चॅनलवर थेट शेवटाला. माउंट उघडला तेव्हा दिसलं की अँटेनाचा बोल्ट ब्रॅकेटपासून वेगळा ठेवणारा नायलॉनचा वॉशर उलटा बसला होता. त्याची कड भोकात शिरायला हवी, ती वर राहिली होती. बोल्ट ब्रॅकेटला टेकला, म्हणजे सरळ शॉर्ट. वॉशर सुलटा करायला पाच मिनिटं लागली. पण दिवसभर त्या अवस्थेत माइक दाबल्यामुळे रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर गेला होता, आणि तो सेट पुढे फक्त ऐकण्याच्याच कामाचा राहिला.

हे टाळायला साधा मल्टिमीटर पुरतो. केबल रेडिओपासून काढा, अँटेनाची दांडीही काढून ठेवा. आता केबलची मधली पिन आणि ब्रॅकेट यांच्यात बीप वाजता कामा नये. वाजला तर वॉशर बघा, नाहीतर केबलच्या टोकाला बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकली असेल. मग उलटी तपासणी: ब्रॅकेट आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात बीप वाजलाच पाहिजे. स्टेपनीचा कॅरिअर मागच्या दारावर असतो, दार बिजागरीवर, आणि बिजागरीत रंग आणि ग्रीस. पावडर कोटिंगवर नुसता नट आवळून अर्थ मिळत नाही. मी वॉशरखालचा रंग खरवडतो आणि दारापासून चॅसीपर्यंत चपटी विणलेली तांब्याची पट्टी टाकतो. उघड्या धातूवर ग्रीसचा पातळ हात फिरवला की गंज लागत नाही.

यानंतरच एसडब्ल्यूआर मीटर. मीटर नसताना अँटेना "अंदाजे" जुळवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. मीटर स्वस्त आहे, शेजाऱ्याकडून मागून आणा. गाडी मोकळ्यावर न्या, गॅरेजमध्ये नको. दारं बंद, अँटेनापाशी कोणी उभं नको. रेडिओ आणि मीटरमध्ये आखूड केबल. चॅनल रिकामं आहे ना ते ऐकून मग १, २० आणि ४० वर मोजा. १ नंबरवर आकडा ४० पेक्षा जास्त आला तर अँटेना आखूड आहे, लांब करा. ४० वर जास्त आला तर लांब आहे, कमी करा. टोकाला स्क्रू असलेली अँटेना घेतलीत तर हे काम सोपं होतं, नाहीतर तार कापत बसावं लागतं आणि कापलेली परत जोडता येत नाही. १.५ च्या आत आलं तर उत्तम, तिथे जेमतेम चार टक्के ताकद परत येते. २ पर्यंत चालतं. ३ वर पाव ताकद परत येते, तिथे माइक दाबू नका. तिन्ही चॅनलवर ३ च्या वर असेल तर लांबीला हात लावू नका, दोष शॉर्टमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. टपावर रॅक चढवला किंवा हार्डटॉप उतरवला की पुन्हा मोजा.

आणि रेडिओ चेक अर्ध्या मैलावरून करा. मी नवीन माणसाला मुद्दाम पुढे पिटाळतो आणि वळणाआडून बोलायला लावतो.

शिट्टी, खरखर

वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका. थेट बॅटरीतून दोन तारा आणा, फ्यूज बॅटरीच्या जवळ. इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शिट्टी येत असेल तर अँटेनाची केबल काढून बघा. आवाज राहिला तर तो विजेच्या तारांतून येतोय, गेला तर अँटेनातून. दुसऱ्या प्रकारात स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम आणि एलईडी लाइट बार एकेक करून बंद करा. गुन्हेगार बहुधा त्यांतच सापडतो.

लहान, पण रोजच्या

रेडिओ मेल्यासारखा वाटतोय? पीए (बाहेरच्या भोंग्यावर बोलायची सोय) आणि सीबीचा खटका पीएवर गेला आहे का बघा. दुकानात परत नेण्याआधी हे बघितलं तर बऱ्याच फेऱ्या वाचतील.

स्क्वेल्च, म्हणजे खरखर गाळणारं बटण, शेवटपर्यंत फिरवू नका. खरखर थांबेल तिथेच सोडा, नाहीतर लांबची हाक गाळली जाते.

उरलेली केबल घट्ट वेटोळं करून सीटखाली कोंबू नका, मोठ्या सैल वळणांत ठेवा. दारात चेपू देऊ नका.

अँटेना काढलेली असताना माइक दाबू नका. एकदासुद्धा.

९ नंबर आणीबाणीसाठी आहे, त्यावर गप्पा नकोत.

सूर्यावर डाग जास्त असलेल्या काळात, २०२४ च्या आसपास होता तसा, आयनमंडलावरून परावर्तित होऊन टेक्सासचे आवाज युटाच्या दरीत येतात आणि शेजारची गाडी ऐकू येत नाही. आरएफ गेन, म्हणजे रेडिओची ऐकण्याची संवेदनशीलता, कमी करा, चॅनल बदला. सगळ्यांचे सेट नवे असतील तर एफएमवर जा. २०२१ मध्ये एफसीसीने, अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, सीबीवर एफएमला परवानगी दिली आहे आणि आवाजात फरक लगेच कळतो.

बोलायची सवय

बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. घाईत पहिला शब्द कापला जातो आणि तो शब्द बहुधा "थांबा" असतो. माइक ओठांपासून दोन-तीन इंच. ओरडल्याने आवाज फाटतो, अंतर वाढत नाही. उत्तर आलं नाही तर पोचलं नाही असंच धरा, आणि निरोप मिळालेल्यानेही तो परत उच्चारून दाखवावा: "डावीकडे खोल खड्डा, मिळालं." लेकरांना माइक द्यायचा असेल तर मुक्कामावर द्या. चढावर स्पॉटर (बाहेर उभा राहून वाट दाखवणारा) बोलत असताना बाकी सगळे गप्प.

ताफ्यातले सगळ्यात चांगले जुळलेले दोन रेडिओ पहिल्या आणि शेवटच्या गाडीत हवेत. शेवटच्या गाडीत अनुभवी माणूस बसवतात, पण त्याची अँटेना तपासायची राहून जाते. निघायच्या आधी मी पहिल्यांदा तीच मोजतो.