डोंगराला वणवा लागला: राख कुठे पडेल, धूर कुठे साचेल?

फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बालाघाट, अजिंठ्याची रांग आणि किनवट-माहूरच्या जंगलात वणवे लागतात. त्यातच उसाचे पाचट, गव्हाचे काड आणि बांध पेटवले जातात. यातली राख आणि धूर सारखे वागत नाहीत, म्हणून दोन्हींचा बंदोबस्त वेगळा.

100 मीटर वर गेलेला 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) राखेचा कण सेकंदाला साधारण 25 सेंटिमीटर वेगाने उतरतो, म्हणजे सहा-सात मिनिटांत जमिनीवर. ताशी 10 किलोमीटर वाऱ्यात तो आगीपासून एक-सव्वा किलोमीटरवर पडतो. 10 मायक्रॉनच्या कणाला तेवढेच उतरायला नऊ तास लागतात. 1 मायक्रॉनचा कण दिवसभरात जेमतेम तीन मीटर खाली येतो. धुराचे बहुतेक कण याहूनही बारीक. ते वजनाने बसत नाहीत. वाऱ्याबरोबर पानांवर, शेडनेटवर आदळून चिकटतात किंवा पावसाने धुऊन येतात. त्यामुळे वाऱ्याकडच्या कडेच्या ओळींवर थर जास्त, आत कमी.

दुपारी तापलेली हवा वर चढते आणि धूर उंच जाऊन विरळ होतो. सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा थंड होते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि डोंगरउतारावरून धूर ओढ्या-नाल्यांनी मांजरा-तेरणेच्या खोलगट भागात उतरतो. दिवस उगवल्यावर लगेच सुटका होत नाही. झाकण फुटताना वर अडकलेला धूर खाली ओढला जातो, म्हणून साधारण आठ ते दहाच्या दरम्यान तो कमी होण्याआधी वाढतो. रेशीम अळ्यांचे शेड उघडण्याची घाई इथेच नडते.

अंदाज बांधण्यासाठी नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर आगीचे ठिकाण पाहा. आगीची उष्णता टिपणारा व्हिआयआरएस संवेदक असलेले उपग्रह साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात, त्यामुळे चार वाजता पेटलेली आग संध्याकाळी नकाशावर दिसली नाही तरी ती असू शकते. मग वारा पाहा: वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून येणारा, धूर आग्नेयेला जाणार. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 15-15 अंश धरले तर 10 किलोमीटरवर पट्टा सुमारे 5.4 किलोमीटर रुंद होतो.

हवेबरोबर धूर कुठल्या वाटेने जाईल त्या रेषा काढून दाखवणारे ‘हायस्प्लिट’ हे संगणकीय मॉडेल मोफत चालवता येते. त्यात वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्यायची, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा: दुपारचे 4 म्हणजे 10:30. बहुतेकांची चूक इथेच होते. उंची 100, 500 आणि 1000 मीटर अशी तिन्ही द्या. तिन्ही रेषा एकाच दिशेला गेल्या तर भरवसा ठेवा, फाकल्या तर ठेवू नका. या मॉडेलला जी हवामान माहिती लागते, तिचे चौकोन बऱ्याचदा पाव अंशाचे, म्हणजे सुमारे 27 किलोमीटरचे असतात. बालाघाटातली दरी त्यात दिसतच नाही, म्हणून रात्रीसाठी मॉडेलपेक्षा जमिनीचा उतार पाहिलेला बरा.

पट्ट्यात रेशीम शेड येत असेल तर संध्याकाळी पाचच्या आत धुराकडचे पडदे सोडा आणि सकाळी दहानंतर हवा खेळती करा. तुतीचा पाला कडेच्या चार-पाच ओळी सोडून आतला तोडा. राख दिसत असेल तर धुऊन पूर्ण सुकवूनच अळ्यांना द्या. ओल्या पाल्याने रोग बळावतो.

काढणीला आलेल्या द्राक्षघडांवर राख पडली तर पाणी मारू नका आणि पुसूही नका. मण्यांवरचा मेणाचा थर जातो, डाग राहतो. दव सुकल्यावर नोझल बंद ठेवून ब्लोअरचा नुसता वारा द्या.

शेततळ्यात राख पडली की पाण्याचा सामू (पीएच) चढतो, आणि अशा पाण्यात काही कीटकनाशके टाकीतच निकामी होतात. फवारणीआधी पीएच पट्टीने तपासा आणि सायट्रिक ॲसिड चिमटीचिमटीने टाकत 6 ते 7 वर आणा. ताम्रयुक्त बुरशीनाशकासाठी मात्र पाणी आम्लधर्मी करू नका, पाने करपतात.

सौरपंपाच्या पॅनेलवरची राख कोरड्या फडक्याने घासली तर काचेवर ओरखडे पडतात. पहाटे काच गार असताना आधी पाणी सोडा, मग मऊ कापड फिरवा. धुरात कामाला माणसे लावायचीच असतील तर रुमाल उपयोगाचा नाही, एन-95 मास्क द्या.