पोकेमॉन कार्डांचा डेक लावताय? या चुका टाळा

डेक बरोबर 60 पत्त्यांचा. एकाच नावाची जास्तीत जास्त 4 कार्डं, सूट फक्त बेसिक एनर्जीला, म्हणजे हल्ल्यासाठी लागणाऱ्या साध्या ऊर्जेच्या कार्डांना. नवा खेळाडू बहुतेकदा इथंच हरतो, पहिला पत्ता टाकण्याआधी. हाती लागलेलं प्रत्येक चमकदार कार्ड तो एकेक करून डेकमध्ये कोंबतो. एकुलतं कार्ड सुरुवातीच्या 7 पत्त्यांत येण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के. त्याचीच 4 ठेवली, तर निदान एक येण्याची 40 टक्के. शिवाय 6 पत्ते प्राइझ म्हणून पालथे ठेवायचे असतात; समोरच्याचा पोकेमॉन बाद केल्यावरच ते उचलता येतात. तुमचं एकुलतं हुकमी कार्ड साधारण दहातल्या एका डावात तिथंच अडकतं. म्हणून प्रकार कमी, प्रती जास्त. आपण आखलेला डेक आखल्यासारखा चालतो, याच आनंदासाठी माणसं वर्षानुवर्षं हा खेळ खेळतात.

सुरुवातीच्या हातात बेसिक पोकेमॉनच (थेट मैदानात उतरवता येणारा) नाही, असं वारंवार होतंय? मग हात दाखवून पुन्हा पिसायचं, आणि समोरच्याला एक जादा पत्ता घेता येतो. डेकमध्ये बेसिक 8 असतील, तर तीनातल्या एका डावात हे होणारच. 12 असतील, तर पाचातल्या एका. एनर्जी मात्र वीस-वीस भरू नका. आपल्या पाळीत हातातली एकच जोडता येते, त्यामुळे बहुतेक डेकना 10-12 पुरतात. उरलेली जागा पत्ते ओढून देणाऱ्या ट्रेनर कार्डांना द्या.

अदलाबदलीत कोपऱ्यातला तारा बघून भुलू नका. तो दुर्मिळता सांगतो, ताकद नव्हे.

जत्रेत किंवा चर्चच्या फेस्ताला भरणाऱ्या फेरीत सोनेरी प्लास्टिकच्या कार्डांचा स्वस्त डबा दिसला, तर तो नकली समजा. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत. कागदी कार्डाची शंका आली, तर मागून टॉर्च धरा. अस्सल कार्डाच्या पोटात काळसर थर असतो, तो उजेड बराच अडवतो.

गोव्यातल्या पावसाळ्यात सर्वांत जास्त हाल होतात ते फॉइल कार्डांचे. कागद दमट हवा पिऊन फुगतो, चकचकीत थर फुगत नाही, आणि कार्ड चित्राच्या बाजूला वळतं. वाकलेलं कार्ड गड्डीत न बघताही ओळखू येतं, त्यामुळे स्पर्धेत ते खुणेचं कार्ड ठरू शकतं. जून लागण्याआधीच कार्डं स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पातळ पाकिटात) घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वळलेलं कार्ड त्याच डब्यात काही दिवस वजनाखाली ठेवलं की बरंचसं सरळ होतं. इस्त्री फिरवू नका, उन्हातही घालू नका: रंग उडतो, थर सुटतो. स्लीव्ह घेताना माप विचारा. पोकेमॉनचं कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरचं असतं. यु-गि-ओ या दुसऱ्या खेळाच्या लहान कार्डांसाठीची स्लीव्ह त्याला बसत नाही.