मागवण्याआधी भिंतीवर रद्दी लावा

ऑनलाइन फोटोत झकास दिसणारं घड्याळ किंवा रंगीत गोळ्यांच्या खुंट्या (मूळ कल्पना अमेरिकन डिझायनर ईम्स दांपत्याची, १९५३ची, नकला आता ढिगाने) घरी आल्यावर एकतर टिकलीएवढ्या वाटतात, नाहीतर अंगावर येतात.

१. दिलेल्या मापाचा रद्दी पेपर कापा. माप सेंटिमीटरमध्ये की इंचांत, नीट बघा.
२. मास्किंग टेपने भिंतीवर लावा. चित्र-घड्याळाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमी. दोन दिवस राहू द्या. दारातून, सोफ्यावरून, रात्री दिव्यातही बघा. घरचे हसतील, हसू द्या.
३. पटलं तरच मागवा. भोकांच्या खुणाही त्याच कागदावरून करा.

स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल नको, आत वायरी असतात.