विंडोज नवी, भरतकामाचं सॉफ्टवेअर जुनं

माझं मशीन-भरतकामाचं सॉफ्टवेअर २००३ सालचं. सीडीवर आलेलं, सोबत जांभळा यूएसबी डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही अशी किल्ली. ते एक्सपीवर चाललं, विंडोज ७ वर चाललं, त्याच कॉम्प्युटरवर पुढे विंडोज १० आली तरी चालतच राहिलं, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि मी विंडोज ११ वाला नवा कॉम्प्युटर घेतला. बाहेरचा सीडी ड्राइव्ह जोडून सेटअपवर डबल-क्लिक केलं, तर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशी एका ओळीत बोळवण. कारण नाही, उपाय नाही.

भाचा म्हणाला, “मावशी, नवीन घेऊन टाक ना.” नवीन म्हणजे दरमहा भाडं. शिवाय माझी सहाशेच्या वर डिझाइनं जुन्याच्याच फॉरमॅटमध्ये. मी हट्टाला पेटले. त्या खटाटोपात जे हाती लागलं ते सांगते. तुमचं सॉफ्टवेअर हिशेबाचं असो की नकाशांचं, क्रम साधारण हाच राहतो.

आधी घाईत असलेल्यांसाठी. नवा कॉम्प्युटर न घेता आहे त्याच विंडोजवर अपग्रेड केलं असेल आणि दहा दिवस उलटले नसतील, तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग रिकव्हरी, तिथे ‘गो बॅक’ आहे. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात ठेवलेली असते. तोवर जागा मोकळी करण्याच्या उत्साहात तो फोल्डर उडवू नका. परत जाताना अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम जातात, तेही लक्षात असू द्या. डिस्क फॉरमॅट करून नवी विंडोज टाकली असेल, तर मात्र हा रस्ता बंद.

जुनं यंत्र पुसण्याआधी

सगळ्यात आधी फाइली. प्रोग्राम आज ना उद्या जाणारच, डिझाइनं जायला नकोत. पण ‘फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला’ एवढ्यावर थांबू नका. फाइल सोबत आली आणि ती उघडणारा प्रोग्रामच नसला तर काय करणार? म्हणून जुना प्रोग्राम जिवंत आहे तोवर त्याच्यातूनच प्रत्येक फाइल दुसऱ्या, जास्त प्रोग्रामांना कळणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा.

इथे मी एक चूक केली. सगळी डिझाइनं डीएसटीमध्ये काढली, कारण डीएसटी जवळजवळ प्रत्येक भरतकाम मशीनला कळतं. पण डीएसटीमध्ये असतात फक्त सुईच्या हालचाली, ०.१ मिलिमीटरच्या मापात. दोऱ्याचा रंग त्यात नसतो. ‘इथे थांब, दोरा बदल’ एवढीच खूण असते. वेलबुट्टीतली पानं हिरवी होती की सोनेरी, हे फाइल सांगत नाही. आणि अशी फाइल नुसती ताणून मोठी केली तर टाके तेवढेच राहतात, भरणी विरळ पडते. मूळ फाइलमध्ये पान हे पान म्हणून असतं, मोठं केलं की टाके नव्याने मोजले जातात. त्यामुळे आता माझ्याकडे प्रत्येक डिझाइनची मूळ फाइल, डीएसटी, पीईएस (भरतकामाचाच आणखी एक फॉरमॅट) आणि रंगांच्या तक्त्याची पीडीएफ अशा चार गोष्टी आहेत. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये चालणारं इंकस्टिच हे फुकट आणि मुक्तस्रोत साधन डीएसटी आणि पीईएस दोन्ही उघडतं, पण टाके म्हणूनच. तुमच्या कामात नावं वेगळी असतील: हिशेबाला सीएसव्ही, आराखड्यांना डीएक्सएफ, पत्रांना पीडीएफ. प्रश्न एकच विचारायचा, या प्रतीत मूळ फाइलमधलं काय गळलं?

दुसरी गोष्ट मला रडवून गेली. दोऱ्यांची माझी स्वतःची यादी, कुठल्या नंबरचा दोरा कुठल्या रंगाचा, मी वर्षानुवर्षं त्या प्रोग्राममध्ये भरत आले होते. प्रोग्राम फाइल्समधला अख्खा फोल्डर उचलून नव्या जागी नेला, उघडून पाहिलं तर यादी कोरी, कंपनीने दिली होती तशी. झालं होतं असं की, व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज साध्या प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. जुन्या प्रोग्रामला हे माहीत नसतं, तो लिहायला जातो. मग विंडोज त्याला न कळवता ते लिखाण तुमच्या नावाच्या फोल्डरात, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत आत ठेवते, आणि प्रोग्रामला वाटतं आपण जागेवरच लिहिलं. तेव्हा तो फोल्डर नक्की बघा. ॲपडेटा लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ची खूण केली की दिसतो.

याचाच जोडसापळा पुढे सांगते, कारण त्यातही पडले. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून तोच प्रोग्राम उघडला तर ही बनवाबनवी बंद होते. तो खरोखरच्या प्रोग्राम फाइल्समध्ये वाचतो आणि तुमच्या सेटिंग्ज गायब झाल्यासारख्या वाटतात. गेलेल्या नसतात. माझा उपाय: जुना प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकायचाच नाही, सी ड्राइव्हवर स्वतःचा वेगळा फोल्डर करून त्यात टाकायचा.

बाकीचं पटापट. सीडीची आयएसओ प्रत, म्हणजे अख्खी सीडी एकाच फाइलमध्ये, करून घ्या. सीरियल नंबरचा फोटो काढा. ऑनलाइन ॲक्टिव्हेशनवालं सॉफ्टवेअर असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर आधी डीॲक्टिव्हेट करा. जुनी एचएलपी मदतफाइल असेल तर लागणारी पानं छापून ठेवा, कारण ती उघडणारा प्रोग्राम विंडोज १० पासून मिळतच नाही.

आणि शेवटी अख्ख्या डिस्कची प्रत. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात डिस्कटूव्हीएचडी नावाचं छोटं फुकट साधन आहे. विंडोज चालू असतानाच ते पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये उतरवतं. फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पुढे व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) वापरणार असाल तर व्हीएचडीएक्स या फॉरमॅटची खूण काढून साधी व्हीएचडी करा, कमी कटकट होते. ही फाइल हाताशी असली की बाकीचे प्रयोग बिनधास्त करता येतात.

नेमकं काय अडलंय?

‘सॉफ्टवेअर चालत नाही’ यात चार-पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. बहुतेक जण सरळ राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी टॅब, ‘विंडोज एक्सपी’ निवडून मोकळे होतात. कधी लागू पडतं. पण दुखणं ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, असेल तर तो आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

माझ्या बाबतीत पहिला अडसर सेटअपचा होता. बिट म्हणजे प्रोग्रामची पिढी समजा: १६ सगळ्यात जुनी, मग ३२, मग ६४. ६४ बिटची विंडोज ३२ बिटचे प्रोग्राम चालवते, १६ बिटचे अजिबात नाही. माझी विंडोज १० इतकी वर्षं ३२ बिटची होती, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. गंमत अशी की सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटचंच निघालं, फक्त सेटअप १६ बिटचा. घर धडधाकट, दाराची कडी गंजलेली. हे ओळखायचं कसं? जुन्या कॉम्प्युटरवर सेटअप चालू करा आणि टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये बघा. ‘एनटीव्हीडीएम’ नावाची नोंद उगवली तर तो १६ बिटचा.

कडी तोडायची तर प्रोग्रामचा बसवलेला फोल्डर जुन्या कॉम्प्युटरवरून जसाच्या तसा आणायचा. साधे प्रोग्राम तेवढ्यावर चालतात. माझा नाही चालला, त्याला रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, नोंदी हव्या होत्या. जुन्या कॉम्प्युटरवर रेजएडिट या रजिस्ट्री उघडणाऱ्या साधनात लोकल मशीनखालच्या सॉफ्टवेअर विभागात कंपनीच्या नावाची शाखा होती, ती एक्स्पोर्ट केली. नव्यावर ती आयात करताना सिसवॉव६४ फोल्डरातला रेजएडिट वापरा, कारण ३२ बिट प्रोग्रामांच्या नोंदींची जागा ६४ बिट विंडोजमध्ये वेगळी असते आणि हा रेजएडिट त्या बरोबर तिथे टाकतो. (६४ बिटच्या फाइली ‘सिस्टम३२’मध्ये आणि ३२ बिटच्या ‘सिसवॉव६४’मध्ये. नावं कोणी ठेवली देव जाणे.) फोल्डरची जागा बदलली असेल तर आयातीच्या आधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पत्ते दुरुस्त करा.

दुसरा अडसर डोंगल. प्रोग्राम उघडला, आणि ‘डोंगल सापडत नाही’. ड्रायव्हर हा विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि ६४ बिटच्या गाभ्याला ड्रायव्हर ६४ बिटचाच, तोही डिजिटल सही असलेला लागतो. कंपॅटिबिलिटी टॅब इथे काहीच करत नाही. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने ‘ते उत्पादन बंद झालं’ असं एका वाक्यात कळवलं. पण डोंगल अनेकदा तिसऱ्याच कंपनीने बनवलेला असतो. भिंग घेऊन त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली, त्या कंपनीच्या वेबसाइटवर नवा ड्रायव्हर होता. डोंगल काढून ठेवला, ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, मग डोंगल लावला. चालला. विंडोज सिक्युरिटीतलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा म्हणजे जुने ड्रायव्हर चालतील, असा सल्ला मिळेल. एका डोंगलसाठी कॉम्प्युटरचं संरक्षण कायमचं उतरवू नका. स्कॅनरवाल्यांना एक सोय आहे: व्ह्यूस्कॅन हा विकतचा प्रोग्राम हजारो जुने स्कॅनर निर्मात्याच्या ड्रायव्हरशिवाय चालवतो, आधी त्याच्या यादीत आपलं मॉडेल शोधा.

तिसरं दुखणं सोपं. प्रोग्राम एखादा जुना घटक मागतो. डॉटनेट ३.५ असेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये खूण केली की काम झालं. भलत्या वेबसाइटवरून सुट्या डीएलएल फाइली उतरवू नका.

कंपॅटिबिलिटी टॅबचा खरा उपयोग प्रोग्राम उघडतो पण विचित्र वागतो तेव्हा. तो प्रोग्रामला विंडोजचा जुना आवृत्ती-क्रमांक सांगतो आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो. माझ्या प्रोग्रामची बटणं नव्या स्क्रीनवर मुंगीएवढी दिसत होती. त्याच टॅबमध्ये ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ आहे, तिथे ‘सिस्टम एन्हान्स्ड’ निवडलं आणि डोळे वाचले.

मॅकवाल्यांचं थोडक्यात: २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिटची ॲप्स बंद. त्याआधीच्या मोहावेवर असाल तर सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘लेगसी सॉफ्टवेअर’ची यादी अपग्रेडच्या आधी बघा. ॲपल सिलिकॉनवर, म्हणजे ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर, इंटेलची ॲप्स रोझेटा २ मुळे चालतात, पण ॲपलने ती पूर्ण सोय मॅकओएस २७ पर्यंतच ठेवणार असं सांगितलंय.

काहीच जमलं नाही तर

मग ती व्हीएचडी फाइल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं व्हर्च्युअल मशीन करायचं, नवी डिस्क न बनवता ही फाइल जोडायची, की जुना कॉम्प्युटर त्याच्या वॉलपेपरसकट खिडकीत उभा राहतो. विंडोजला हार्डवेअर बदललेलं दिसतं, त्यामुळे ती पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते. कॉम्प्युटरसोबत आलेलं लायसन्स सहसा दुसरीकडे नेता येत नाही, तेव्हा अटी वाचा. डोंगल ‘डिव्हाइसेस’ मेनूतल्या यूएसबीमधून आत देता येतो. नेटवर्क मात्र काढून टाका, सपोर्ट संपलेली विंडोज इंटरनेटवर नको. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून.

माझं रोजचं काम आता थेट विंडोज ११ वर होतं, आणि व्हर्च्युअल मशीन दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कांवर राखीव आहे. प्रत काढता येत नाही ती फक्त डोंगलची. तो मागच्या पोर्टमध्ये लावून वर चिकटपट्टी मारलीय, कारण भाचा पेनड्राइव्ह समजून एकदा घेऊन गेला होता.