जावातल्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर फोटो काढताना या चुका टाळा

धाकट्या भावाची सासुरवाडी इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्याकार्ताची. तिथली माणसं नुसतं जोग्जा म्हणतात. लेबारानला, म्हणजे ईदला, पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा सकाळभर फोटो काढले. रात्री पाहते तर निम्म्या फोटोंत नुसती डोकी. टोप्या, हिजाब, मुलांचे भांग, पण चेहरे नाहीत. सगळी मंडळी चटई अंथरून खाली बसलेली आणि मी एकटी उभी.

उभ्याने फोटो काढणं ही तिथली सगळ्यांत मोठी चूक, आणि ती फक्त कॅमेऱ्याची नाही. जावात वडीलधारी बसलेली असताना त्यांच्यासमोरून ताठ चालत जात नाहीत. कमरेत वाकायचं, उजवा हात पुढे खाली धरायचा, ‘नुवुन सेवु’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणत सरकायचं. घरातली चार वर्षांची पोरंही असंच करतात. म्हणून सरळ चटईवर बैठक मारा. कॅमेरा आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो आणि चेहरे आपोआप मिळतात. फोटोआधी ‘बोलेह फोटो?’ एवढं विचारलं की माणसं मोकळी होतात. कुणाला जागा दाखवायची असेल तर तर्जनी रोखू नका, उजव्या हाताचा अंगठा वापरा.

ईदच्या सकाळी सगळ्यांत जपण्याचा क्षण सुंगकेमचा. मुलं, सुना, नातवंडं एकेक करून आजी-आजोबांपुढे गुडघे टेकतात, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवतात आणि कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतात. आपल्या वाकून नमस्काराच्या जवळचंच, पण इथे कुणी पटकन उठत नाही. आजींचा हात पाठीवर फिरत राहतो, कानात काहीतरी पुटपुटतात, आणि दोघांचे डोळे भरून येतात. समोर उभं राहिलात तर फक्त पाठ मिळेल. सुरू व्हायच्या आधीच बाजूला जागा धरून बसा, फ्लॅश आणि शटरचा आवाज दोन्ही बंद करा. दोन-चार फोटो पुरेत. तुमची पाळी आली की कॅमेरा खाली ठेवा. घर तुम्हालाही नात्यातलंच समजतं.

ग्रूप फोटो मात्र हटकून चुकीच्या वेळी होतो, केतुपात (पानांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात) आणि ओपोर आयाम (नारळाच्या दुधातलं चिकन) खाऊन झाल्यावर, भर दुपारी अंगणात. जोग्जा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर. फेब्रुवारीअखेर आणि ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि एरवीही दुपारी डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. सगळ्यांना पडवीच्या सावलीत, तोंड अंगणाकडे करून उभं करा. ‘संध्याकाळी काढू’ असंही म्हणू नका. आपल्याकडे जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, तिथे बारा महिने सहाच्या सुमारास अंधारतं.

लेन्सवर वाफ धरली तर पुसत बसू नका, पुन्हा धरते. एसीच्या खोलीतला थंड कॅमेरा दमट हवेत काढल्यामुळे ते होतं. बाहेर पडण्याआधी तो बंद पिशवीत ठेवा आणि पिशवीसकट अर्धा तास बाहेर राहू द्या.

फोटो भलत्याच क्रमाने लागत असतील तर घड्याळं तपासा. जोग्जा भारताच्या दीड तास पुढे, बाली अडीच तास. मोबाइल स्वतःची वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. दर मुक्कामी मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा. फरक कळला की सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.

आता फोटोंखाली लिहायची नावं. इथे मी खूप घोळ घातला. भावजयीच्या आईच्या भावांना सरसकट ‘मामा’ लिहिलं. आपण आईकडचे आणि वडिलांकडचे वेगळे मोजतो. जावात आईवडिलांपेक्षा थोरला की धाकटा हे मोजतात. थोरला तो पाकडे, धाकटा तो पाकलिक, मग तो आईचा भाऊ असो की वडिलांचा. बायकांत तसंच बुडे आणि बुलिक. बालीत आणखी वेगळं. वायान पहिलं मूल, माडे दुसरं, न्योमान तिसरं, केतुत चौथं, पाचव्यापासून पुन्हा वायान. मुलगा असो वा मुलगी, नाव तेच. फोटोखाली नुसतं ‘माडे’ लिहिलं तर वर्षभराने तुम्हालाच कळणार नाही कोण ते. गावाचं किंवा घरचं नाव जोडा.

आणि फोटो नुसते मोबाइलवर पाठवून थांबू नका. पुढच्या खेपेला मी वीस प्रिंट नेल्या. थोरल्या बुडेंनी चष्मा लावला, नास्तारची, म्हणजे अननसाच्या सारणाच्या बिस्किटांची, बरणी बाजूला सरकवली आणि एकेक फोटो उलटा करून मागे पेन्सिलीने नावं लिहिली. माझ्या तीन चुका निघाल्या. एका फोटोपाशी त्या थांबल्या, तो मात्र परत दिला नाही.