टेबलावर खेळायच्या दुनियेची वेबसाइट कशी बनवावी

माझ्या पहिल्या वेबसाइटवर चाळीस पानं होती. सात राजघराण्यांच्या वंशावळी, दोन पंचांगं आणि एका मेलेल्या भाषेचं व्याकरण. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या घरी आम्ही दर रविवारी खेळायला जमायचो, तिथल्या दादानं ती मोबाइलवर उघडली, बराच वेळ अंगठ्यानं सरकवली आणि विचारलं, "हे सगळं ठीक हाय, पन यात आपल्याले करायचं का हाय बे?"

चाळीस पानांत याचं उत्तर कुठंच नव्हतं. ती साइट मी काढून टाकली आणि नव्यानं बांधली. पुढचं सगळं त्या दुसऱ्या बांधकामातून आलेलं आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्यात शिरतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रुळला. नियम तिथले घेऊन दुनिया मात्र स्वतःची रचायची, हे आता घरोघरचे गेम मास्टर करतात. त्या दुनियेला सेटिंग म्हणतात. आपल्याला साइट बनवायची आहे ती तिची.

आधी एक वाक्य, मग बाकी सगळं

साइटवर कोण येणार ते ठरवा. खेळाडू येतील असं वाटतं, पण खरा गिऱ्हाईक गेम मास्टर असतो. दुनिया निवडतो तो, चार जणांना गोळा करतो तो, शनिवारी रात्री जागून तयारी करतो तोही तोच. त्याला एकच गोष्ट हवी असते: उद्या माझे खेळाडू इथं काय करतील?

ते एका वाक्यात लिहा. माझी दुनिया मारबतीवरून सुचली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक तिला वाजतगाजत नेतात आणि शेवटी जाळतात. त्यावरचं माझं वाक्य असं: "दरवर्षी हे शहर आपली ईडापीडा एका पुतळ्यात भरून वेशीबाहेर जाळतं, यंदा पुतळा जळला नाही, आज रात्री तो परत येतोय, आणि वेशीवर पहाऱ्याला तुम्ही आहात."

या वाक्यात ‘तुम्ही’ आहे, काम आहे आणि वेळ कमी आहे. माझं आधीचं वाक्य होतं, "एक प्राचीन शक्ती पुन्हा जागी झाली आहे." असं कुठल्याही दुनियेबद्दल म्हणता येतं, म्हणून ते खोडलं. तुमचं वाक्य दुसऱ्याच्या साइटवर चिकटवून बघा. तिथंही फिट बसलं तर पुन्हा लिहा. याला आठवडा लागला तरी चालेल. वाक्य तयार होईपर्यंत रंग, लोगो, डोमेन यांच्या नादी लागू नका.

पहिला स्क्रीन

बहुतेक लोक साइट मोबाइलवरच उघडणार. तेव्हा न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात चार गोष्टी बसवा: दुनियेचं नाव, ते वाक्य, एक चित्र आणि एक बटण. बटण एकच. ‘पहिला खेळ डाउनलोड करा’ एवढं लिहिलं की पुरे. ‘गूढ विश्वात प्रवेश करा’ असल्या बटणामागं काय आहे ते कोणाला कळत नाही, मग ते कोणी दाबतही नाही.

खाली लगेच कामाची माहिती द्या: किती खेळाडू, किती तास, कुठले नियम, कुठल्या वयासाठी, मामला भीतीचा आहे की गमतीचा. माझ्याकडे लिहिलंय, "३ ते ५ खेळाडू, साडेतीन तास, थोडी भीती, बरीच धावपळ, १३ वर्षांपुढे." लेखक म्हणून ही ओळ रुक्ष वाटते, पण गेम मास्टर ती आधी शोधतो.

आपोआप वाजणारं संगीत नको. ऑफिसात गुपचूप साइट उघडणाऱ्या माणसाचा विचार करा.

फुकटचा पहिला खेळ

सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्या. साइट कितीही देखणी असली तरी लोक दुनियेवर भाळतात ते खेळल्यावर. म्हणून एका बैठकीत संपणारा वन-शॉट पीडीएफमध्ये फुकट द्या. ईमेल मागू नका, नोंदणी करायला लावू नका.

त्यात काय असावं? पहिल्याच पानावर गेम मास्टरनं मोठ्यानं वाचायचा उतारा, चार-पाच ओळींचा. तीन-चार प्रसंग, आणि प्रत्येकात खेळाडूंनी ठरलेलं सोडून भलतंच केलं तर काय याच्या दोन ओळी, कारण ते भलतंच करणारच. तयार पात्रं पाच, एका पानावर एक. एक नकाशा. माझा खेळ आठ पानांचा होता. पात्रं धरून तेरा. त्याहून जास्त झाला की लोक ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवून देतात.

पानं ए-फोर आकाराची आणि काळ्या-पांढऱ्या रंगात छापली तरी नीट दिसतील अशी करा. माझ्या पहिल्या फाइलीत प्रत्येक पानामागं जुन्या चर्मपत्राचा तपकिरी रंग होता. झेरॉक्सच्या दुकानातून ती सबंध करडी होऊन आली, वर अक्षरं शोधावी लागत होती. फॉन्ट फाइलीतच बसवलेला आहे ना तेही पाहा, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वेलांट्या भलत्याच अक्षराला लागतात.

अक्षरं

इंग्रजी साइटचे साचे आपण जसेच्या तसे उचलतो आणि मराठी मजकूर त्यात गुदमरतो. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये मोकळी जागा जास्त लागते. लाइन-हाइट १.६ ते १.७ ठेवून बघा. शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. ते शून्य करा, कारण त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोहही टाळा. मराठी शब्द लांब, मोबाइलचा पडदा अरुंद, मग ओळीत मधेच भगदाडं पडतात.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगा; साच्यातून आलेल्या भाषेच्या खुणेत बऱ्याचदा दुसऱ्याच भाषेचा संकेत राहून गेलेला असतो. सोय असलेल्या फॉन्टमध्ये ही खूण बरोबर असली की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. मजकुरासाठी ‘मुक्ता’ चांगला चालतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ तर मराठी वळणासाठीच घडवलेला आहे आणि जुन्या छापील पुस्तकाची आठवण देतो. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं इथं चिकटवलं तर निव्वळ कचरा दिसतो, आणि चित्र करून लावलं तर शोधात सापडत नाही.

रंगांचं म्हणाल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ एवढा फरक ठेवण्याची वेबवरची मान्य शिफारस आहे, आणि तो मोजणारी साधनं फुकट मिळतात. भयकथेची साइट म्हणून आम्ही काळ्यावर गडद लाल अक्षरं ठेवली होती. मे महिन्यातल्या दुपारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उभं राहून ती उघडली, तर पडद्यावर मला माझाच घामेजलेला चेहरा दिसत होता.

दुनियेची माहिती किती आणि कशी द्यायची

वंशावळी जाळा असं मी म्हणत नाही, फक्त मागच्या खोलीत ठेवा. पुढं जागा ठेवा, आणि प्रत्येक जागेच्या पानावर तीन गोष्टी सांगा: इथं हवंसं काय आहे, ते आणखी कोणाला हवंय, आणि इथं आज काय बिघडलंय. दीडशे शब्दांत भागतं.

नागपूरकरांना जागा शोधायला लांब जावं लागत नाही. सीताबर्डीचा किल्ला घ्या. शहराच्या ऐन मध्यावर दोन टेकड्या, १८१७च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज यांच्यात इथं लढाई झाली, आज किल्ला लष्कराकडे आहे आणि सामान्यांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. रोज दिसणारा पण क्वचितच उघडणारा किल्ला! झिरो माइलचा दगडी खांब, त्याच्याजवळचे चार घोडे आणि कोरलेली गावोगावची अंतरं. माझ्या दुनियेत तो खांब रात्रीतून कोणीतरी चाळीस पावलं सरकवलाय, आणि तेव्हापासून कुठलाच रस्ता ठरल्या ठिकाणी पोचत नाही. दादाला वंशावळ आठवत नाही, पण या खांबाबद्दल तो अजून विचारतो.

मात्र जिवंत माणसांच्या श्रद्धा उचलताना जपून. हे शहर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं. गोंडांचे देव, त्यांची चिन्हं ही राक्षसांच्या यादीत टाकायची सामग्री नव्हे. त्या समाजातल्या कोणाला आधी दाखवा, आणि ‘नको’ म्हटलं तर काढून टाका. मारबतीतही मी मूळ नावं आणि मिरवणुकीचे मार्ग घेतले नाहीत. कल्पना तेवढी घेतली आणि ती कुठून आली ते साइटवर सांगितलं.

रहस्यं वेगळ्या पानावर ठेवा आणि दुव्यावर सरळ लिहा, ‘फक्त गेम मास्टरसाठी’. कुलूप लावायची गरज नाही. ज्याला स्वतःची मजा घालवायची आहे तो कशानंही घालवेल.

नकाशा मोठा असतो, साइट तिथंच अडकते. पानावर वेबपी या चित्रप्रकारातली हलकी प्रत लावा, दोन-तीनशे केबीच्या आत, आणि छापायची मोठी प्रत डाउनलोडला ठेवा. गावांची नावं मोबाइलवर वाचता येतात का ते बघा. येत नसतील तर नावं कमी करा.

हक्कांचं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, २०२३च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० परवान्याखाली खुले झाले. त्यावर बेतलेलं साहित्य तुम्ही विकूसुद्धा शकता, फक्त श्रेयाची ठरलेली ओळ द्यावी लागते. त्यांचा लोगो किंवा पुस्तकांतली चित्रं यात येत नाहीत. चित्रकाराकडून चित्र घेतलं तर वेबसाइट, छापील प्रत आणि जाहिरात या तिन्हींची परवानगी लेखी घ्या, मित्र असला तरी. मित्र असला तर जास्तच.

उभारणी

पाच-सहा पानांच्या साइटला भारी व्यवस्था लागत नाही. साधी स्थिर पानं गिटहब पेजेसवर फुकट राहतात. १ जीबीची मर्यादा आपल्याला भरपूर. कोडची भीती वाटत असेल तर वर्डप्रेस घ्या, पण प्लगइन मोजकेच टाका. पत्ता ‘डॉट इन’ घ्यावा. देवनागरीतला ‘डॉट भारत’ही मिळतो आणि दिसतो छान, पण काही ठिकाणी लिंक चिकटवली की तिची अगम्य रोमन अक्षरं होतात, आणि फोनवर पत्ता सांगताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो तो वेगळाच.

आपल्याकडे साइट पसरते ती व्हॉट्सॲपवर. लिंकसोबत येणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा आणि त्याखाली तुमचं ते एक वाक्य येऊ द्या. ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःलाच पाठवून बघा. एकदा चुकीचं चित्र गेलं की बदल केल्यावरही काही काळ जुनंच दिसत राहतं.

दाखवा आणि गप्प बसा

हा खेळ कधीच न खेळलेला एक माणूस पकडा. तर्री पोह्याच्या गाडीवर प्लेट त्याच्या हातात, फोन समोर. "बघ जरा" एवढंच म्हणा आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड जातं. तो अडखळेल तिथं समजावू नका, लिहून घ्या. मिनिटभरानं विचारा, "या खेळात तू कोण आहेस?" माझा पहिला माणूस म्हणाला, "पुतळा." तेव्हा कुठं मी वाक्याच्या शेवटी पहारेकरी आणले.

भेटी किती झाल्या याचा आकडा फसवा असतो. डाउनलोड मोजा, आणि त्याहूनही किती टेबलांवर खेळ झाला ते विचारा. त्यासाठी पीडीएफच्या शेवटच्या पानावर छोटा फॉर्म जोडा: कुठं खेळलात, किती जण होतात, कुठं अडलात. त्या उत्तरांवरून खेळ दुरुस्त कराल तेव्हा फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला आणि काय बदललं ते साइटवर दोन ओळींत लिहा. आमच्या तिसऱ्या आवृत्तीत बदल एकच आहे: कोणीतरी फॉर्ममध्ये लिहिलं होतं की त्यांच्या खेळाडूंनी पुतळ्याला मारलंच नाही, वेशीवर बसवून त्याला जेवायला घातलं. त्याचं पुढं काय करायचं, ते आता सहाव्या पानावर आहे.